डिमिनिश्ड कॉर्ड: मेस्त्रींनी अंधारात धरलेली ती दोन बोटं

कुळागर | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, प्रश्न गिटारचा आहे, पण सुरुवात व्हायोलिनपासून करावी लागेल.

मी फोंड्याजवळ राहतो. गिटार हातात घेऊन चार वर्षं झाली. भावगीतं, भजनं, चवथीच्या आरत्या, एवढ्यापुरती साथ बरी जमते. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात. तरुणपणी ते चर्चच्या कॉयरचे मेस्त्री (संगीत शिकवणारे) होते, अजूनही रोज तिन्हीसांजेला व्हायोलिन काढतात. काल पावसात वीज गेली, म्हणून मी गिटार घेऊन त्यांच्या बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) जाऊन बसलो. ते एक जुना मांडो (गोव्याचं संथ कोंकणी गीत) वाजवत होते, ए मायनरमधला. मी ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन हे कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वर) धरून मागे मागे जात होतो. ओळ संपताना, ए मायनरवर परतण्याआधी, ते एका स्वरावर रेंगाळतात. नेमकं तिथे माझं ई सेव्हन कानाला खुपत होतं. गिटार सुरात होती, कॉर्डही चुकीचा वाटत नव्हता, तरी खुपत होतं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी गज उचलला आणि म्हणाले, "तें न्हय. सेतिमा दिमिनुता." माझ्या हातातून गिटार घेतली, खालच्या चार तारांवर दोनच बोटं ठेवली, छेडली आणि परत दिली. त्यांनी पुन्हा तोच स्वर लावला, आणि मी अंदाजाने तसंच धरलं तेव्हा खुपणं गेलं होतं.

घरी येऊन मेणबत्तीच्या उजेडात शोधत बसलो. सापडलं ते असं (डावीकडून सहावी तार, उजवीकडे पहिली, × म्हणजे ती तार वाजवायची नाही, ० म्हणजे मोकळी तार, आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर, मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघेवर, बोट ठेवायचं):

× × ० १ ० १

माझ्या कॉर्डच्या जुन्या पुस्तकात हीच आकृती चार वेगवेगळ्या नावांखाली छापली आहे: डी डिमिनिश्ड, एफ डिमिनिश्ड, जी शार्प डिमिनिश्ड, बी डिमिनिश्ड. मला आधी ती छपाईची चूक वाटली. क्लासला जायचो तेव्हा हे पान आलं होतं, पण सरांनी "परीक्षेला येत नाही" म्हणून उलटून टाकलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता विचारतो. ई सेव्हन का खुपलं आणि हे का नाही? एकाच आकृतीला चार नावं कशी? आणि हा कॉर्ड एकटा वाजवला की भुताच्या मालिकेत दार करकरतं तसा वाटतो, मग तो मांडोत इतका गोड कसा लागला?

---

सोल-फा | सोमवार, रात्री ११:०२

कुळागर बाब, तुमच्या मेस्त्रींनी अगदी बरोबर सांगितलं. सेतिमा दिमिनुता म्हणजे डिमिनिश्ड सेव्हन्थ, पोर्तुगीजमध्ये. जुने लोक अजून हेच म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना वाचायला शिकवायचे तसंच सोल्फेज शिकवायचे, दो रे मी फा वाचून गायचं. तुमचे मेस्त्री त्याच वळणाचे दिसतात. माझे आजोबाही तसेच होते.

ते रेंगाळतात तो स्वर बहुतेक 'फा' असणार, म्हणजे एफ. आता तुमच्या ई सेव्हनमध्ये काय आहे ते बघा: 'मी' (म्हणजे ई), सोल शार्प, सी, रे. तुम्ही सहाही तारा छेडल्या असणार. सहावी मोकळी म्हणजे मी, पहिली मोकळी म्हणजेही मी. व्हायोलिन फा धरून बसलेलं आणि तुमचे दोन-दोन मी त्याच्या अर्ध्या पट्टीच्या अंतरावर. ते एकमेकांना घासणारच.

मेस्त्रींच्या बोटांखाली काय आहे? चौथी तार मोकळी: रे. तिसरी पहिल्या फ्रेटवर: सोल शार्प. दुसरी मोकळी: सी. पहिली पहिल्या फ्रेटवर: फा. म्हणजे ई सेव्हनमधले तीन स्वर जसेच्या तसे आहेत, फक्त 'मी' काढला आणि त्याच्या जागी फा घेतला. व्हायोलिनचाच स्वर तुमच्या कॉर्डमध्ये आला, मग खुपणार कसा?

---

नवशिका | सोमवार, रात्री ११:२०

माफ करा, मध्येच विचारतो. दुसरी तार मोकळी वाजवली की बी येतो ना? तुम्ही सी लिहिलंय.

---

सोल-फा | सोमवार, रात्री ११:३१

चांगलं झालं विचारलंत, इथे भले भले अडखळतात. पोर्तुगीज पद्धतीत दो म्हणजे इंग्रजीतला सी, आणि 'सी' म्हणजे इंग्रजीतला बी. देवनागरीत लिहिलं की दोन्ही 'सी' सारखेच दिसतात! त्यात आपल्या सरगमचा रे आणि ह्यांचा रे हेही वेगळे. ह्यांचा रे म्हणजे कायम डी, हलत नाही. आपला रे षड्ज जिथे धराल त्याच्याबरोबर सरकतो. कुळागर, मेस्त्रींनी कधी "सी" म्हटलं आणि तुम्ही सी मेजर धरलात तर तुमची चूक नव्हे. गोव्यात हे घरोघरी होतं.

पुढे मी इंग्रजी नावंच वापरते, म्हणजे घोळ नको.

---

गणितमास्तर | मंगळवार, सकाळी ७:१०

चार नावांचं कोडं मी सोडवतो, कारण ते गणित आहे. गिटारवर एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, आणि बारा फ्रेट म्हणजे एक सप्तक. डिमिनिश्ड सेव्हन्थमध्ये शेजारच्या दोन स्वरांत बरोबर तीन अर्धस्वरांचं अंतर असतं. बी पासून तीनवर डी, डी पासून तीनवर एफ, एफ पासून तीनवर जी शार्प, आणि जी शार्प पासून तीनवर पुन्हा बी. चार गुणिले तीन, बारा. वर्तुळ पूर्ण झालं. मेजर कॉर्डमध्ये अंतरं चार, तीन आणि पाच अशी असमान असतात, म्हणून त्याचा पाया कुठे आहे ते कानाला लगेच कळतं. इथे चारही अंतरं सारखी, त्यामुळे कोणताही स्वर पाया म्हणून धरा, बाकीचे तीन तेच राहतात. तुमच्या पुस्तकात छपाईची चूक नाही.

ह्याचाच पुढचा भाग: बारा स्वर, प्रत्येक कॉर्ड चार स्वर खातो, म्हणजे सगळ्या जगात डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड तीनच. तुमच्याच आकृतीने मोजून बघा:

× × ० १ ० १ : डी, एफ, जी शार्प, बी
× × १ २ १ २ : डी शार्प, एफ शार्प, ए, सी
× × २ ३ २ ३ : ई, जी, ए शार्प, सी शार्प

चौथ्यांदा सरकवून × × ३ ४ ३ ४ केलंत की पुन्हा पहिल्याचेच स्वर, फक्त तारांची अदलाबदल होते. दर तीन फ्रेटांनी तोच कॉर्ड. बारा नावं पाठ करायची गरज नाही, तीन घरं लक्षात ठेवा.

हे वर्तुळ गिटारवर पूर्ण होतं ते फ्रेट सप्तकाच्या बारा समान गुणोत्तरांनी बांधलेत म्हणून. शुद्ध, गळ्यातून निघणारा कोमल गंधार षड्जाच्या सहा पंचमांश पट असतो. तो चार वेळा चढवा: १.२ चा चौथा घात २.०७३६ येतो. तार सप्तकाचा षड्ज असायला हवा २. म्हणजे शुद्ध स्वरांनी चढत गेलात तर षड्ज ओलांडून पुढे जाल. फ्रेटवर तीन पायऱ्यांचं गुणोत्तर १.१८९२ आहे, शुद्धपेक्षा थोडं उतरलेलं, म्हणून चार वेळात नेमकं २ येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर वर्गातल्या मुलांना सांगत सुटलो होतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:४५

मी कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलांतून वाजवतो. गणित सुंदर आहे, पण वाजवताना उपयोगी पडेल असं सांगतो.

डिमिनिश्ड हा राहायचा कॉर्ड नाही, तो कुठे निघालाय ते बघायचं. कुळागर, तुम्ही तो एकटा वाजवून बघितला म्हणून तो भुताचा वाटला. वाक्य अर्धवट सोडलं की ऐकणारा अस्वस्थ होतो, तसंच आहे ते. आता असं करा. × × ० १ ० १ धरा, एकेक तार हळू छेडा. मग ए मायनर धरा, × ० २ २ १ ०. पण एकदम उडी मारू नका. प्रत्येक तार कुठून कुठे गेली ते ऐका:

पहिली तार: एफ वरून ई, एक फ्रेट खाली.
दुसरी तार: बी वरून सी, एक फ्रेट वर.
तिसरी तार: जी शार्प वरून ए, एक फ्रेट वर.
चौथी तार: डी वरून ई, दोन फ्रेट वर.

तीन स्वर फक्त अर्ध्या पट्टीने हलले आणि घरी पोचले. पहिल्या तारेवरचा एफ वरून खाली येतो आणि तिसरीवरचा जी शार्प खालून वर येतो. हे दोघे एकमेकांकडे तोंड करून चालतात आणि बाकीच्या दोन तारा आपापल्या खुर्चीत बसतात. व्हायोलिनवाल्याचा एफही तिथेच ई वर उतरत असणार. तुमच्या मांडोतली ती गोडी ह्या अर्ध्या पट्टीच्या हालचालीत आहे.

शोधायची सोपी खूण: ज्या कॉर्डवर जायचंय त्याच्या पायापासून एक फ्रेट मागे या, तिथला डिमिनिश्ड तुम्हाला तिथे नेतो. ए मायनरला जायचं तर जी शार्प. डी मायनरला सी शार्प. जी ला एफ शार्प. ह्याचं कारण वर सोल-फा ताईंनी दिलंच आहे: तो लपलेला डॉमिनंट सेव्हन (घरच्या कॉर्डकडे ओढणारा, इथे ई सेव्हन) आहे, पाया काढून घेतलेला. बँडमध्ये बेसवाला खाली ई धरून असेल आणि तुम्ही वर हा कॉर्ड धरलात तर दोघांचं मिळून ई सेव्हन फ्लॅट नाइन होतं, आणि तेही भरदार लागतं. मात्र तुम्ही स्वतः मोकळ्या ई तारा वाजवायच्या नाहीत.

---

कुळागर | मंगळवार, रात्री ९:३०

रात्रपाळी दादा, वीस मिनिटं फक्त हेच करत बसलो होतो. कॉर्ड आकृती म्हणून लक्षात ठेवायची सवय होती. आज पहिल्यांदा चार तारा चार माणसांसारख्या ऐकू आल्या. तिसऱ्या तारेवरचा जी शार्प ए वर सरकतो तेव्हा छातीत काहीतरी सैल होतं.

एक अडचण: पाचवी आणि सहावी तार चुकून वाजते.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:०५

डाव्या हाताचा अंगठा मानेवरून किंचित वर आणून सहाव्या तारेला नुसता टेकवा, दाबू नका. पाचवीसाठी उजव्या हाताने झोडणं सोडा. अंगठा चौथीवर, बाकी तीन बोटं तिसरी-दुसरी-पहिलीवर ठेवून चिमटीत उचला. हा कॉर्ड झोडायचा नाहीच. चार स्वर स्वच्छ आले तरच त्याला अर्थ आहे.

आणि वाजवण्याआधी सूर लावा. सध्या जून आहे, हवेत पाणी आहे, लाकूड फुगतं, तारा समुद्राच्या वाऱ्याने गंजतात. सी मेजर थोडा बेसूर असला तरी कान सांभाळून घेतो. ह्या कॉर्डमध्ये स्थिर असं एकही अंतर नाही, त्यामुळे एक तार उतरलेली असली तरी सगळा चिखल होतो.

---

नवशिका | मंगळवार, रात्री १०:४०

मोबाइलवर कॉर्ड शोधले तर कुठे नुसतं 'डिम' असतं, कुठे 'डिम सेव्हन', कुठे छोटं वर्तुळ, कुठे वर्तुळावर तिरकी रेघ. सगळं एकच ना?

---

सोल-फा | मंगळवार, रात्री ११:१५

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात.

नुसतं डिमिनिश्ड म्हणजे तीन स्वर: बी, डी, एफ. सी मेजरच्या पट्टीत सातव्या पायरीवर कॉर्ड रचलात तर आपोआप हाच येतो. गिटारवर × २ ३ ४ ३ ×. साधं वर्तुळ आणि शेजारी सात असेल तर चौथा स्वर जी शार्प (लिहिताना ए फ्लॅट): × २ ३ १ ३ ×. तिरकी रेघ असलेलं वर्तुळ म्हणजे हाफ डिमिनिश्ड, त्याला मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह असंही लिहितात. त्यात चौथा स्वर साधा ए: × २ ३ २ ३ ×.

शेवटच्या दोन आकृत्या शेजारी ठेवून बघा. फरक फक्त तिसऱ्या तारेवरच्या एका फ्रेटचा. पण स्वभाव अगदी वेगळा. हाफ डिमिनिश्डमध्ये अंतरं समान नाहीत, त्याला एकच पाया आहे, तो तीन फ्रेट सरकवून चालत नाही. तो मऊ, उदास आहे. मायनरमध्ये त्याची नेहमीची जागा ई सेव्हनच्या आधी: बी हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर. एकदा वाजवून बघा, पावसाळी संध्याकाळ समोर उभी राहते.

व्यवहारात नुसतं 'डिम' लिहिलेलं असलं तरी गिटारवाले बहुतेक वेळा सेव्हन्थच वाजवतात, आणि बहुतेक वेळा ते चालतं. गाण्याचा स्वर ऐकून ठरवायचं. गाणारा बी डिमिनिश्डवर ए धरून असेल तर तुमचा जी शार्प त्याच्या अंगावर जाईल.

---

पेटीवाली | बुधवार, दुपारी ४:२०

मी साखळीची, हार्मोनियम वाजवते. गिटार येत नाही, पण हा धागा वाचून पेटीवर बसले. काळी चार घेतली काय आणि पांढरी एक घेतली काय, तुमचा कॉर्ड आमच्या भाषेत असा झाला: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. हे चारही स्वर मधुवंती रागात आहेत! म्हणून तो मला परका वाटलाच नाही.

गिटारवाल्यांना एक सुचवते. आधी हे चार स्वर गाऊन बघा. सा वरून कोमल ग, मग तीव्र म, मग ध, मग वरचा सा. तीव्र म वर थांबून खालच्या सा शी ताडून बघा. पंचमाला एवढासा स्पर्श राहिलाय आणि पोचत नाही आहे, ती जी ओढ आहे तीच तुमच्या कॉर्डची ओढ. गळ्यात आलं की बोटात यायला वेळ लागत नाही.

आता दुसरी बाजू. मागे एका गावच्या जत्रेच्या कार्यक्रमात आम्ही नाट्यगीत घेतलं होतं. गिटार साथीला होती, आणि त्या मुलाने हा कॉर्ड प्रत्येक जागी घातला. गाणारीचा षड्जच हलला. तानपुरा सा-प धरून बसलेला असतो, तिथे खालची जमीन सरकवणारा कॉर्ड आला की गायकाला उभं राहायला जागा उरत नाही. रागावर बांधलेल्या गाण्यात गिटारने सा-प धरून राहावं, फार तर दोन स्वरांची साथ द्यावी. हे मी रागाने लिहीत नाही. त्या मुलाला हौस होती, सांगणारं कुणी नव्हतं.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

पेटीवाली ताई, पूर्ण पटलं. हा कॉर्ड मिठासारखा नाही, तो हिंगासारखा आहे.

जिथे तो शोभतो अशी एक जागा देतो, भावगीतवाल्यांसाठी. सी वरून डी मायनरला जाताना मध्ये एक पायरी बांधा:

सी: × ३ २ ० १ ०
सी शार्प डिमिनिश्ड: × ४ ५ ३ ५ ×
डी मायनर सेव्हन: × ५ ७ ५ ६ ×
मग जी सेव्हन आणि परत सी.

पाचव्या तारेवर बोट तीन, चार, पाच असं जिना चढतं. सुरुवातीला प्रत्येक कॉर्डला एकेक मात्रा द्या, मग डिमिनिश्डला फक्त शेवटची अर्धी मात्रा. जितका कमी वेळ, तितका चांगला ढकलतो. जुन्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मुंबईला गेलेली आपली गोव्याची माणसं होती, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संयोजक सेबास्टियन डिसोझा. पाश्चात्त्य हार्मनी आपल्या चालींना जोडायचं काम अशा हातांनी झालं. त्या काळची गाणी लावा आणि गायकाऐवजी फक्त खालचा बेस ऐका, असे जिने भेटत राहतील.

---

गणितमास्तर | गुरुवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी, एक शंका. तुमची खूण 'एक फ्रेट मागे या' अशी. पण मी बोसा नोव्हाच्या (ब्राझीलच्या संगीताच्या) चालीत उलटं पाहिलंय: ई मायनर सेव्हन, ई फ्लॅट डिमिनिश्ड, डी मायनर सेव्हन. इथे डिमिनिश्ड पुढच्या कॉर्डच्या वर आहे आणि खाली उतरतोय. ई फ्लॅट डिमिनिश्ड म्हणजेच एफ शार्प डिमिनिश्ड, तो तुमच्या हिशोबाने जी कडे जायला हवा. डी मायनरला का जातो?

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:३०

मास्तर, बरोबर पकडलंत. माझी खूण वर चढण्यापुरती आहे. खाली उतरताना डॉमिनंटचा हिशोब लावायचा नाही. आकृत्याच बघा:

ई फ्लॅट डिमिनिश्ड: × ६ ७ ५ ७ ×
डी मायनर सेव्हन: × ५ ७ ५ ६ ×

चौथी तार सातवर तशीच राहिली. तिसरी पाचवर तशीच राहिली. फक्त पाचवी आणि दुसरी एकेक फ्रेट खाली आली. दोन स्वर जागेवर, दोन घसरले. ओढ नाही, घसरण आहे, म्हणून ते इतकं अलगद लागतं. दुसरा एक प्रकार असाच: सी, मग सी डिमिनिश्ड × ३ ४ २ ४ ×, मग परत सी. तिथे सी हा स्वर कुठेच जात नाही, आजूबाजूचे तेवढे हलतात आणि परत येतात. गाण्याच्या शेवटी हे फार छान दिसतं.

आणि आता ज्यासाठी मी हा कॉर्ड शिकलो ते सांगतो. × × ३ ४ ३ ४ धरा. चार तारा, चार बोटं. ह्यातलं कोणतंही एकच बोट एक फ्रेट खाली आणा:

× × २ ४ ३ ४ : ई सेव्हन
× × ३ ३ ३ ४ : बी फ्लॅट सेव्हन
× × ३ ४ २ ४ : डी फ्लॅट सेव्हन
× × ३ ४ ३ ३ : जी सेव्हन

एका कॉर्डमधून चार दारं. ई सेव्हन ए कडे नेतो, जी सेव्हन सी कडे, बी फ्लॅट सेव्हन ई फ्लॅट कडे, डी फ्लॅट सेव्हन जी फ्लॅट कडे. गाण्याची पट्टी बदलायची असेल, गायकाला वरच्या पट्टीत न्यायचं असेल, तर ह्या चौकात उभं राहून हवी ती वाट धरता येते. मी हे एकदा लग्नाच्या मंडपात, दोन गाण्यांच्या मध्ये नाचणारे थांबू नयेत म्हणून केलं होतं. ए मधून ई फ्लॅट मध्ये गेलो, कुणाचा पाय अडखळला नाही.

---

नवशिका | गुरुवार, रात्री ८:१५

वरच्या चारही आकृत्या वाजवल्या. करंगळी दुखतेय पण थांबवत नाही.

---

सोल-फा | गुरुवार, रात्री ९:००

ह्याला जोडून पुढे जायचं असेल तर अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) ह्यांची शिकवण शोधा. सी मेजरच्या पट्टीत जी आणि ए च्या मध्ये एक जी शार्प घालून ते आठ स्वरांची पट्टी करायचे: सी, डी, ई, एफ, जी, जी शार्प, ए, बी. ह्यातला एक आड एक स्वर उचललात तर एकदा सी सिक्स्थ (सी, ई, जी, ए) येतो आणि एकदा बी डिमिनिश्ड. म्हणजे पट्टीची प्रत्येक पायरी एकदा घरात, एकदा उंबऱ्याबाहेर. कुळागर, तुमचा × × ० १ ० १ तोच बी डिमिनिश्ड आहे.

---

कुळागर | रविवार, रात्री ९:४०

आज पुन्हा मेस्त्रींकडे गेलो होतो. आज वीज होती, तरी त्यांनी दिवा लावला नाही.

तोच मांडो. ओळीच्या शेवटी मी दोन बोटं ठेवली, चिमटीत चार तारा उचलल्या, आणि त्यांचा एफ माझ्या पहिल्या तारेच्या एफ मध्ये मिसळून गेला. मग दोघे मिळून ई वर उतरलो. गज थांबला नाही. दुसऱ्या फेरीत मी तोच कॉर्ड तीन फ्रेट वर जाऊन × × ३ ४ ३ ४ असा घेतला आणि तिथून ए मायनर पाचव्या फ्रेटवर घेतला, × × ७ ५ ५ ५. तेव्हा त्यांनी वाजवता वाजवता मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं.

नंतर त्यांना चार नावांचं विचारलं. ते म्हणाले, लिहिताना फरक पडतो. ए मायनरला जायचं असेल तर जी शार्प लिही, सी मायनरला जायचं असेल तर तोच ए फ्लॅट लिही. कान तोच, पण वाचणाऱ्याला कळायला हवं स्वर वर चढणार आहे की खाली उतरणार आहे. मग आतून एक जुनी वही आणली, कागद पिवळा पडलेला, शाई पसरलेली, आणि त्यात त्यांच्या हाताने लिहिलेली दुसऱ्या आवाजाची ओळ दाखवली. तिथे जी शार्पवर बाण काढून वर ए लिहिलं होतं.

पेटीवाली ताई, सा, कोमल ग, तीव्र म, ध गाऊन बघितलं. तीव्र म वर अजून मी घसरून पंचमावर जातो. आठवडाभर तेच करणार आहे. वहीतल्या त्या पानाची नक्कल उतरवून घ्यायला मेस्त्रींनी परवानगी दिली आहे. पुढच्या रविवारी उतरवतो आणि स्वर इथे देतो.

---

पेटीवाली | रविवार, रात्री १०:१०

आधी पंचम गा आणि त्यावरून अर्धी पट्टी खाली उतरून तीव्र म वर या. खालून चढत जाऊ नका. दोन दिवसांत बसेल. आणि नक्कल करताना बाणही उतरवून घ्या.